एक पेर पाणी

भाषण करणं सोपं असतं, कारण भाषणानंतर भांडी पडत नाहीत.

गेल्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या सिडकोतल्या सोसायटीने छोटासा कार्यक्रम ठेवला होता. बोलावलेले पाहुणे ऐनवेळी आले नाहीत आणि सेक्रेटरींनी माइक माझ्या हातात दिला. मी बँकेत नोकरीला. दिवसभर काचेआडून बोलणाऱ्या माणसाला उघड्यावर माइक मिळाला की काय होतं, ते त्या संध्याकाळी सगळ्यांनी पाहिलं. ‘मुलगा असो की मुलगी, ज्याला स्वतःपुरतं रांधता येत नाही तो शिकूनही अडाणीच,’ असं एक वाक्य माझ्या तोंडून निसटलं. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात मी पुढे म्हणालो, ‘मी स्वतः या महिन्यापासून माझ्या दोन्ही मुलांना स्वयंपाक शिकवणार आहे!’

दुसऱ्या रांगेतल्या माझ्या बायकोने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारणीला इतका ठसका लागला की पाणी मागवावं लागलं.

घरी आल्यावर धाकट्याने, वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी, विचारलं, “बाबा, तुम्हाला स्वयंपाक येतो?”

“येतो म्हणजे? १९९८ ते २०००, दोन वर्षं विद्यापीठात शिकत होतो तेव्हा बेगमपुऱ्यात पाच जण खोली करून राहायचो. कॉइलची शेगडी, एक पातेलं आणि रोज रात्री खिचडी. अख्खं एम. कॉम. त्या खिचडीवर झालंय.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या खिचडीत माझा नेमका वाटा काय होता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

योगायोगाने धाकट्याच्या शाळेची आनंदनगरी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी होती. ज्यांच्या घरात शाळकरी मूल नाही त्यांच्यासाठी सांगतो: आनंदनगरी म्हणजे मुलांनी खाण्याचे पदार्थ करायचे, मैदानावर टेबल मांडून विकायचे आणि नफातोट्याचा हिशेब वहीत लिहायचा. सूचनापत्रात दरवर्षी एक ओळ असते, ‘पदार्थ विद्यार्थ्याने स्वतः तयार करावा. पालकांनी मदत करू नये.’ आणि दरवर्षी आया पहाटे चारला उठून पदार्थ करतात, वडील डबे वाहून नेतात आणि दहा वाजता तेच दोघे तोच पदार्थ पैसे देऊन विकत खातात. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी भेळ विकली. बाईंनी कौतुक केलं, “किती बारीक चिरलायस रे कांदा!” चिरंजीवांनी मान डोलावली. तोवर त्यांनी कांदा फक्त पोह्यांतून वेचून बाजूला काढण्यापुरता हाताळला होता.

यंदा हे ढोंग बंद, असं मी जाहीर केलं. रात्री बसून वेळापत्रक आखलं. घटक पहिला, भात. घटक दुसरा, वरण आणि फोडणी. घटक तिसरा, भाकरी. आनंदनगरी हीच प्रात्यक्षिक परीक्षा. कागद लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. बायकोने तो शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, “यात भांडी कुठायत?”

“तो अभ्यासक्रमाचा भाग नाही.”

“बरं,” ती म्हणाली. लग्नाला सोळा वर्षं झालेल्या माणसाने या ‘बरं’ला घाबरायला हवं होतं.

पहिल्या रविवारी भात. मी धाकट्याला सांगितलं, “तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचे.” लगेच सावध होऊन दुरुस्ती केली, “दोन पाण्यांनी.” कारण आमच्याकडे नळ रोज येत नाही. पाणी पैठणच्या जायकवाडीहून पन्नासेक किलोमीटर चालत येतं आणि दमून कधी पाचव्या दिवशी पोचतं, कधी आठव्या. या शहरात तांदूळ किती वेळा धुवायचे हे पाककृतीवर ठरत नाही, हौदात काठी घालून ठरतं. “मग तांदळावर एक पेर पाणी ठेवायचं. बोट बुडवून बघायचं.” एवढं सांगून मी फोन घ्यायला गॅलरीत गेलो.

पंचवीस मिनिटांनी ताटात आलेला पदार्थ दाताखाली वाळूसारखा वाजत होता. चौकशी केली. धाकट्याने सांगितल्याप्रमाणे बोट बुडवलं होतं. फक्त ते त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यातही करंगळी, कारण पाणी गार होतं.

“पेर मोठ्या माणसाचं असतं रे!”

“कोणत्या मोठ्या माणसाचं?” हा प्रश्न थोरलीचा. थोरली आठवीत आहे आणि तिला नुकतीच मापनातली एककं शिकवली आहेत. “आजीचं पेर बुटकं आहे, तुमचं लांब आहे. बाबा, हे एकक प्रमाणित नाहीये.”

मी प्रमाणित करायचं ठरवलं. माझं मधलं बोट बुडवलं. मी पावणेसहा फूट आहे. त्या दुपारी आम्ही जे प्यायलो त्याला पेज म्हणतात. तेवढ्यात बायको पेपरवरची नजर न काढता म्हणाली, “एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी.”

“हे आधी सांगता आलं नसतं?”

“वेळापत्रकावर माझं नाव नव्हतं.”

त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की मराठी स्वयंपाक हा अटी आणि शर्ती न वाचता सही करण्याचा मामला आहे. चवीपुरतं मीठ, नखभर हिंग, चिमूटभर साखर, मावेल तेवढं पीठ. कर्जाच्या अर्जावर ‘रक्कम: मावेल तेवढी’ असं कोणी लिहून आणलं तर मी त्याला मॅनेजरकडे पाठवीन. इथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या असे अर्ज मंजूर होत आलेत. ‘खमंग वास सुटेपर्यंत परता’ यावर धाकट्याने विचारलं, “सर्दी झाली असेल तर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी आपल्या नशिबाने कमलाबाई ओगले होऊन गेल्या. १९७० साली त्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याची मापं नवख्या मुलींच्या हाती पडली. आमच्याकडे सासूबाईंनी दिलेली प्रत आहे. कव्हर सुटलंय, आणि कुठला पदार्थ जास्त वेळा झाला ते पानावरच्या तेलाच्या डागांवरून ओळखू येतं. मी ती मोठ्या विश्वासाने थोरलीपुढे ठेवली. तिने कपाट उघडून ओट्यावर सात वाट्या ओळीने मांडल्या. एक आहेरातली, एक बारशाची, एकीवर ‘मामाकडून सप्रेम भेट’ कोरलेलं, आणि कुठलीही दुसरीच्या पोटात बसत नव्हती. “यातली कोणती?” ती म्हणाली.

मी मामाची निवडली. कधीकधी भावनेनेच निर्णय घ्यावा लागतो.

दुसऱ्या रविवारी कुकर. “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद,” हा नियम तरी निर्विवाद होता. धाकटा कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि दोन मिनिटांत ओरडला, “तीन!” मी गॅस बंद केला. वाफ जिरल्यावर झाकण काढलं, तर तूरडाळ पाण्याच्या तळाशी जशी ठेवली तशी बसलेली, एकमेकींना न ओळखता. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. रविवारी साडेअकराला त्या डक्टमध्ये चार मजल्यांचे कुकर बोलत असतात. धाकट्याने पहिली शिट्टी खालच्यांची मोजली होती, दुसरी वरच्यांची, आणि तिसरी, आमच्या माहितीप्रमाणे, रस्त्यावरच्या ट्रॅफिक पोलिसाची.

मग थोरलीने मला कुकर शिकवला. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे फक्त जादा वाफेने ते वजन उचलल्याची खूण. “म्हणजे शिट्ट्या नाही, मिनिटं मोजायची,” ती म्हणाली. मी सत्तेचाळीस वर्षं शिट्ट्यांवर जेवलो होतो. मला जरा वाईट वाटलं.

फोडणीला धाकटा क्रिकेटचं हेल्मेट घालून आला. मी हसलो. मोहरी तडतडली तेव्हा हसू थांबलं, कारण हेल्मेट एकच होतं. मोहरी उडतेय म्हणून मी मागे सरलो, सरताना कोपर हळदीच्या डब्याला लागलं आणि माझा पांढरा सदरा पिवळा झाला. ताबडतोब साबण लावला, तर डाग लालभडक. “बाबा, हळद नैसर्गिक दर्शक आहे!” थोरली आनंदाने ओरडली. “साबण आम्लारी आहे ना, म्हणून लाल!” धाकटा धावत आईला सांगायला गेला, “आई, बाबांच्या पोटातून रक्त येतंय, पण ते विज्ञानाचं आहे.”

संक्रांतीला केजहून आई आली. सोबत घरच्या ज्वारीचं ताजं पीठ, येसर आणि माझ्याबद्दलचे जुनेच गैरसमज. फ्रिजवरचा कागद तिने थोरलीकडून वाचून घेतला. “भाकरी हा शिकवणार?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पदर खोचला.

मी तरीही प्रस्तावना केली. गव्हाच्या कणकेत ग्लूटेन असतं, ते ज्वारीत नाही, म्हणून पीठ एकमेकांना धरत नाही. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. आई थांबून ऐकत होती. “झालं?” ती म्हणाली. “मग आता पाण्याला आधण येऊ दे.”

“आजी, पाणी किती घालायचं?” थोरलीने विचारलं.

“पीठ सांगतंय की.”

“आणि पीठ किती घ्यायचं?”

“हाताला कळतंय माय. कशाला मोजायलीस?”

पहिली भाकरी मी थापली. काठवटीत ती गोल होती. तव्यावर टाकताना तिने मध्येच विचार बदलला. जी भाजली गेली तिला अशा भेगा पडल्या होत्या की मे महिन्यात कोरड्या पडलेल्या जायकवाडीच्या नाथसागराचा तळ आठवावा. मी म्हणालो, “पिठाची विरी गेली असेल. जुनं झालं की जाते.” आई म्हणाली, “पीठ परवा दळलंय. विरी तुझी गेली.” तिने त्याच पिठाची दुसरी थापली, टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि भाकरी टम्म फुगून तिचा पापुद्रा अलगद सुटला. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणालाही एवढ्या मनापासून वाजल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात थोरलीने एक उद्योग केला. मी वजन कमी करण्याच्या संकल्पात घेतलेला छोटा डिजिटल काटा माळ्यावर पडून होता. तो तिने काढला आणि आजी दर भाकरीला काठवटीत पीठ घ्यायची ते ‘आजी, एक मिनिट’ म्हणत चोरून तोललं. चार दिवसांची नोंद वहीत लिहिली: ९७, ९८, ९६, ९८, ९७ ग्रॅम. ज्या बाईने आयुष्यात काटा वापरला नाही, तिच्या मुठीत दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नव्हता. मग तिने मला तीनदा पीठ घ्यायला लावलं: ७१, १३४, ८८.

हे आकडे मी अजून विसरलेलो नाही. ‘अंदाजे’ हा शब्द मी आयुष्यभर न मोजण्याचं निमित्त म्हणून वापरला. आईचा अंदाज म्हणजे पंचावन्न वर्षं रोज दोन वेळा केलेलं मोजमाप होतं. फक्त ते काट्यावरून उतरून हातात जाऊन बसलं होतं, आणि हातातलं लॅमिनेट करता येत नाही.

माणसाने इथे शहाणं व्हायला हवं होतं. पण आनंदनगरी तोंडावर आली होती.

धाकट्याने पदार्थ निवडला, सुशीला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनी दचकू नये. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळव्याचं कूट, कोथिंबीर आणि लिंबू. पोह्यांची ही गरीब, पण जास्त चटपटीत बहीण. थोरलीने हिशेब मांडला: पन्नास प्लेटा, प्लेटीला तीस ग्रॅम, म्हणजे दीड किलो मुरमुरे. चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी फ्रिजवर विसरून मी जुन्या मोंढ्यात पोचलो.

“कितने दूँ साहब?”

मी डोळे मिटून अंदाज केला. मुरमुरे वजनाला हलके, म्हणजे जास्त लागणार. “पाँच किलो.”

दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या स्कूटीकडे पाहिलं. “शादी है क्या?”

पाच किलो मुरमुरे म्हणजे काय, ते पोतं उभं राहिल्यावर कळलं. माझ्या छातीला लागत होतं. आमच्या शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथे हलवली, आणि आमचा नान-कलिया त्याच्याच फौजेबरोबर आला असं म्हणतात. योजना भव्य आणि हिशेब कच्चा, ही त्याची परंपरा या भागात कोणीतरी चालवायलाच हवी. पोतं मागे बांधून मी मोंढा नाक्यावरून जालना रोडला लागलो. आकाशवाणी ओलांडल्यावर लक्षात आलं की पोत्याला खाली भोक आहे आणि माझ्यामागे रस्त्यावर मुरमुऱ्यांची पांढरी रेघ पडत चाललीय. सेव्हन हिल्सपाशी एका सायकलवरच्या आजोबांनी ती रेघ पाहिली, सायकल बाजूला घेतली, टोपी काढली आणि जाणाऱ्याला हात जोडले.

शनिवारी पहाटे साडेचारला मला जाग आली. मुलं झोपली होती. बिचारी दमली असतील, आपण निदान मुरमुरे भिजवून ठेवावेत, असं वाटलं. ‘पालकांनी मदत करू नये’ ही ओळ आठवली, पण भिजवणं म्हणजे काही मदत नव्हे. दीड किलो मुरमुरे मोठ्या टबात घातले, पाणी ओतलं, आणि पिळायला हात घालणार तेवढ्यात खालून आरोळी आली, “पाणी आलंऽऽ!”

सहा दिवसांनी नळ आला होता, आणि त्या आठवड्यात मोटर लावायची पाळी माझी. ही आरोळी ऐकल्यावर या शहरातला माणूस हातातलं काहीही टाकून धावतो. हौद, मोटर, व्हॉल्व्ह, दुसऱ्या मजल्यावरच्यांशी नेहमीचा वाद. चाळीस मिनिटांनी विजयी होऊन वर आलो. टबात मुरमुरे नव्हते. शाळेत पोस्टर चिकटवायला करतो तशी खळ होती.

थोरली दारात उभी होती. तिने टबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी तिच्या आईच्या आवाजात म्हणाली, “बाबा, तुम्ही बाहेर बसा.”

मी बाहेर बसून ऐकलं ते असं. माझ्या चुकीच्या अंदाजाने आणलेले जादा मुरमुरे पोत्यात होते, म्हणून निभावलं. तिने ते काट्यावर तोलून घाणे पाडले. एकेक घाणा पाण्यात घालून दहा आकडे मोजायचे, धाकट्याने पिळायचे. बाईंनी कौतुक केलेला तो कांदा यंदा त्याने खरोखर चिरला, नाक ओढत, हेल्मेट घालून. फोडणी थोरलीची. बायको ओट्याजवळ उभी होती, पण हात मागे बांधून. आणि आईने माझी खळ वाया जाऊ दिली नाही. त्यात ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, कांदा, तीळ आणि ठेचा घातला, ओल्या फडक्यावर थापून धाकट्याला शिकवत शिकवत तीस धपाटे उतरवले.

आनंदनगरीत टेबलापुढे पाटी लावायची होती. ती धाकट्याने स्वतःच्या अक्षरात रंगवली:

‘सुशीला २० रुपये. बाबांचे धपाटे १० रुपये.’

पहिल्या पाच मिनिटांत दोन पालक आणि एक शिक्षिका धावत आल्या, कोणाचे बाबा कोणाला मारतायत ते बघायला. त्यांनी खाऊन पाहिले आणि इतरांना बोलावलं. ‘मला एक धपाटा’, ‘मला बाबांचे दोन’ असं मैदानभर सुरू झालं. अकरा वाजता धपाटे संपले. सुशीलाच्या बेचाळीस प्लेटा गेल्या. बाराला धाकट्याने हिशेब मांडला: जमा ११४० रुपये, खर्च ५३० रुपये, नफा ६१०. उरलेले मुरमुरे त्याने ‘बाबांच्या खात्यावर’ टाकले होते. खाली छापील प्रश्न होता, ‘पालकांनी मदत केली का?’ त्यापुढे त्याने लिहिलं, ‘हो. पण आम्ही ती निस्तरली.’

बाईंनी त्याखाली ‘छान’ असा शेरा दिला.

घरी आलो तर ओटा भांड्यांनी भरलेला. टब, दोन कढया, काठवट, सात वाट्या. भांडीवाल्या मावशी संक्रांतीपासून गावी गेलेल्या. काही न बोलता मी बाह्या सरसावल्या. आधी खरवडून सुकं काढलं, मग एकाच साबणपाण्यात लहानापासून मोठ्याकडे गेलो, शेवटी खळबळलेलं पाणी पुढच्या भांड्याला वापरलं. मुलं दारात येऊन उभी राहिली. कढई आरशासारखी निघाली.

“बाबा, हे तुम्हाला कसं येतं?”

बायको पेपरमागून म्हणाली, “बेगमपुऱ्यात खिचडी बाकीचे चौघे करायचे. हे भांडी घासायचे. लग्नातच सांगितलंय त्यांच्या मित्रांनी.”

दोन वर्षं, रोज रात्री, एका बादलीत पाच जणांची भांडी. हाताला कळतं ते असं.

लॅमिनेट केलेलं वेळापत्रक अजून फ्रिजवर आहे. थोरलीने त्यावर मार्करने माझं नाव तीन ठिकाणी खोडलंय आणि खाली एक ओळ वाढवलीय. घटक चौथा, भांडी. शिक्षक: बाबा. माप: एका कढईला दीड तांब्या पाणी.

तिने ते तीनदा मोजून पाहिलं. दर वेळी दीडच निघालं.